स्विमिंग पूलशेजारी झाडं लावायचीत? आधी बादली घ्या, मग नर्सरीत जा

प्रश्न थोडक्यात असा होता. घरामागे ८ बाय ४ मीटरचा पूल आहे, काँक्रीटचा, टाइल लावलेला, बांधून सहा वर्षं झालीत. एका लांब बाजूला कंपाउंडची भिंत आणि भिंत ते पूल साधारण साडेतीन मीटर जागा. शेजारच्या गच्चीवरून सगळं दिसतं म्हणून आडोसा हवाय, दुपारी बसायला थोडी सावली हवीय, नर्सरीतून फायकस नाहीतर बांबू लावा असं सांगितलंय, चार फायकस आणूनही ठेवलेत. तर मुळं पूल फोडतील का, अंतर किती सोडायचं आणि कुठली झाडं चालतील?

मी बागा करतोय त्याला २२ वर्षं झाली. पहिली सात-आठ वर्षं झाडं लावायची, बिल घ्यायचं आणि निघायचं असं चालायचं. पुढे पूलच्या मेंटेनन्सची कामं घ्यायला लागलो आणि मीच लावलेल्या झाडांचा पाला मीच जाळीने काढायची वेळ आली, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं माझ्याच चुकांतून आलेलं आहे असं समजा.

पहिली गोष्ट, मुळं पूल फोडतात हे जे सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. झाडाच्या मुळाला पलीकडे पाणी आहे हे भिंतीतून काही कळत नाही. मूळ वाढतं ते जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळते तिथे, आणि म्हणूनच बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटीमीटर मातीतच असतात, खाली दोन मीटरवर नाही. धड बांधलेला, न गळणारा काँक्रीटचा पूल मुळं सहसा फोडत नाहीत, भिंतीला लागली की वळून बाजूने जातात. पण पूल कुठेतरी झिरपत असेल तर त्या जागी माती कायम ओली राहते, मुळं तिथे दाट होतात, केसाएवढं मूळ फटीत शिरतं आणि मग आत जाड व्हायला लागतं. म्हणजे आधी गळती, मग मूळ. लोक उलट समजतात आणि झाडावर राग काढतात.

हे काँक्रीटचं झालं. फायबरग्लासचा एकसंध पूल असेल तर जाड मूळ बाहेरून दाबून भिंतीला फुगवटा आणू शकतं, आणि लायनरवाल्या (आतून प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या) पूलला पसरणाऱ्या बांबूचा टोकदार कोंब खालून सरळ भोक पाडतो. तिथे अंतर जास्तच ठेवायचं, वाद नाही.

म्हणून नर्सरीत जायच्या आधी एक बादली घ्या. थट्टा नाही. बादलीत पूलचंच पाणी भरा, ती पूलच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर अशी ठेवा की निम्म्याहून जास्त पाण्यात राहील (हलत असेल तर आत एखादा दगड टाका), आणि बादलीतली पातळी आणि बाहेरची पातळी बरोबर जुळवून दोन्हीकडे मार्करने खूण करा. २४ तास कोणी पोहायचं नाही, पाणी भरायचं नाही, पाऊस नसलेला दिवस बघा. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचं पाणी किती उतरलं ते बघा. बाष्पीभवन दोन्हीकडे सारखंच होतं, म्हणून बाहेरचं पाणी बादलीतल्यापेक्षा जास्त उतरलं असेल तर तेवढी गळती. हे एकदा पंप नेहमीसारखा चालू ठेवून करा आणि एकदा पूर्ण बंद ठेवून. पंप चालू असताना जास्त उतरतंय म्हणजे बहुतेक रिटर्न लाइन (फिल्टरमधून पाणी पूलमध्ये परत आणणारा पाइप) गळतेय, दोन्ही वेळेला सारखंच उतरतंय म्हणजे टाकीतच, म्हणजे पूलच्या भिंतीत किंवा तळात, कुठेतरी आहे. सगळ्यात आधी स्किमर (पूलच्या कडेला पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड) बघा, त्याचं प्लास्टिक आणि काँक्रीट जिथे मिळतं तो जॉइंट. माझ्या बघण्यातल्या निम्म्या गळत्या तिथेच निघाल्यात.

आणि कृपा करून तडा शोधायला म्हणून पूल रिकामा करू नका. जमिनीत पाण्याची पातळी वर असेल तर रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते, फायबरग्लासची तर हमखास, पण काँक्रीटच्याही उचललेल्या आहेत. ते काम माहितगार माणूस आणि तळातला प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह बघून करायचं असतं.

आता खरा नुकसानीचा भाग, तो म्हणजे पाइप आणि डेक (पूलभोवतीची फरशी). एक किस्सा सांगतो. एका बंगल्यात मी पूलपासून दीड मीटरवर फायकस बेंजामिनाची रांग लावली होती, नऊ झाडं, दोन वर्षांत हिरवी भिंत झाली, मालक खूश, मीही खूश. सातव्या वर्षी फोन आला की पंप सारखा हवा खेचतोय, फिल्टरच्या गेजचा काटा नाचतोय. प्लंबरने पंप खोलला, सील बदललं, परत तेच. शेवटी डेकच्या तीन फरश्या काढून खोदलं तर सक्शनच्या पाइपाचा एक कोपरा नीट चिकटवलेला नव्हता, बांधताना सोल्युशन कमी लावलेलं असावं, आणि त्या फटीतून अंबाड्याएवढा मुळांचा पुंजका आत गेलेला. बाहेर मूळ पेन्सिलएवढं, आत पाइपभर झिपऱ्या. ते ओढून काढताना हाताला शेवाळाचा गुळगुळीतपणा लागला तो अजून आठवतो. आणि ज्या फरश्या काढल्या त्याही आधीच एका बाजूने बोटभर वर आलेल्या होत्या, त्यांच्याखाली मनगटाएवढी दोन मुळं आडवी पळत होती. टाकीला काहीही झालेलं नव्हतं, एक टाइलसुद्धा नाही. नुकसान सगळं टाकीच्या बाहेर.

म्हणून तुमच्या प्रश्नातल्या फायकसला माझं सरळ नाही आहे. नर्सरीवाले सुचवतात कारण स्वस्त पडतं, पटकन वाढतं आणि कापून आकार देता येतो. पण ते वड-पिंपळाच्याच घराण्यातलं आहे हे विसरू नका, कात्री मारून वरचं डोकं छोटं ठेवलं तरी खाली मुळं त्यांच्या मनानेच वागतात. वड, पिंपळ, उंबर, रबर प्लांट, आणि हल्ली रस्तोरस्ती दिसणारं कॉनोकार्पस, ही सगळी मंडळी पूलच्या आसपास नकोतच. विलो जातीची पाण्याला हपापलेली झाडं पण नकोत.

बांबूचं दोन प्रकारचं असतं. एक बेटाने वाढणारा, जो जागच्या जागी गोल पसरतो, आणि दुसरा धावणारा, ज्याचे कंद जमिनीखालून मीटर मीटर पळतात आणि मनात येईल तिथे डोकं वर काढतात. धावणारा अजिबात नको. बेटाचा चालू शकतो, आडोसा तर सुंदर देतो, पण बांबूची पानं वर्षभर गळतात, रोज, थोडी थोडी, पातळ सुरीसारखी, आणि ती स्किमरच्या जाळीला आडवी चिकटून बसतात. ज्याला रोज सकाळी दहा मिनिटं जाळी मारायला आवडतं त्याने लावावा. मी माझ्या घरी नाही लावणार.

एक गोष्ट मातीची. तुमची माती काळी, चिकण असेल, म्हणजे उन्हात भेगा पडतात आणि पाऊस पडला की फुगते अशी, तर मोठं झाड नुसतं पाणी शोषूनच त्रास देतं. मूळ कुठेही न शिरता, झाडाने आजूबाजूची माती सुकवली की माती आकसते, डेक खचतो, कधी टाकीचा एक कोपरा खाली जातो. आणि याचं उलटंही होतं, पूलशेजारचं जुनं मोठं झाड घाबरून एका दिवसात तोडलं की जे पाणी झाड प्यायचं ते मातीतच राहतं, माती हळूहळू फुगते आणि फरश्या वर येतात. म्हणून चिकण मातीत मोठं झाड असेल तर तोडायच्या आधीही माहितगार माणसाला विचारा, लावायच्या आधीही.

मुळांचं एवढं पुरे. रोजचा त्रास मुळांचा नसतोच, तो वरून पडणाऱ्या गोष्टींचा असतो, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही.

झाड निवडताना मी आता एकच प्रश्न विचारतो, हे झाड वर्षभरात काय काय टाकतं? पान टाकतंच, सदाहरित असलं तरी टाकतं, फक्त एकदम न टाकता रोज थोडं टाकतं. मग फूल, परागकण, फळ, बी, शेंग, साल, चीक, वाळकी काडी. आणि जे टाकतं त्याचा साईज काय? इथे लोक हमखास चुकतात. मोठं पान दिसायला कचरा वाटतं पण ते पाण्यावर तरंगतं, हाताने उचलता येतं, स्किमरच्या बास्केटमध्ये अडकतं. बारीक पान खरं त्रासाचं. गुलमोहर घ्या, एका पानात शेकडो पर्णिका, करंगळीच्या नखाएवढ्या, त्या बास्केटच्या भोकांतून जातात, पंपाच्या गाळणीत जातात, उरलेल्या तळाशी बसतात आणि पाण्याला चहासारखा रंग सोडतात. चिंच, जॅकरांडा, सोनमोहर, शिरीष, सगळे त्याच माळेचे मणी. सुरूच्या सुयाही तशाच. गुलमोहराची मुळं उथळ आणि फांद्या ठिसूळ, तेव्हा तो तिन्ही परीक्षांत नापास. रस्त्यावर फुललेला बघायला मलाही आवडतो.

पानं पाण्यात कुजली की दोन गोष्टी होतात. क्लोरीन त्या कचऱ्याशी भांडण्यात संपतो, म्हणजे जंतूंसाठी उरत नाही, तुम्ही जास्त घालत राहता. आणि कचऱ्यातून फॉस्फेट वगैरे मिळालं की शेवाळाला आयतं खाणं. तळावर तपकिरी डाग पडला आणि तो पानाचा आहे की लोखंडाचा ते कळत नसेल, तर टाइल किंवा प्लास्टरवर (लायनरवर नाही, रंग उडेल) डागावर थोडा क्लोरीन लागू द्या, फिकट झाला तर पानाचा. नाही झाला तर व्हिटॅमिन सीची गोळी घासून बघा, त्याने गेला तर लोखंड.

फुलांमध्ये बॉटलब्रशपासून सांभाळा. त्याचे लाल केसर सुयांसारखे झडतात ते एक, आणि मधमाश्या भरपूर येतात ते दुसरं. पूलवर माणूस अनवाणी असतो, ओल्या डेकवर खाली पडलेल्या फुलात माशी बसलेली असते, पुढचं सांगायला नको. जांभूळ, तुती अशी डाग पाडणारी फळं नकोत, आणि फळाला पाखरं येतात, वटवाघळं येतात, त्यांची विष्ठा थेट पाण्यात. आंब्याचं झाड आधीच असेल तर ठेवा, पण मोहोरावर तुडतुडे आले की खालच्या डेकवर चिकट गोड थर बसतो आणि त्यावर काळी बुरशी, ते माहीत असू द्या. काटेसावरीला काटे, शिवाय तिचा कापूस सुटला की फिल्टर दोन दिवसांत जाम. बाभूळ, बोगनवेल, पांगारा काट्यांसाठी बाद. खजुराच्या जातीच्या पामला झावळीच्या बुडाशी लांब कडक काटे असतात, ते पायात मोडले तर जखम चिघळते, तोही बाद.

विषारी झाडांचं वेगळं सांगतो कारण इथे लहान मुलं असतात. कण्हेर सुंदर दिसते, काटक असते, म्हणून सगळीकडे पूलभोवती लावलेली दिसते, पण तिचं पान, फूल, खोड, सगळंच विषारी, हृदयावर परिणाम करणारं. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तीही तशीच आणि तिचं फळ मुलांना खेळायला आवडतं ही पंचाईत. शेर वगैरे निवडुंगासारख्या दिसणाऱ्या झाडांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते. ओले हात, चोळलेले डोळे, पूलवर हे चाललेलंच असतं. ही झाडं बागेच्या दुसऱ्या टोकाला लावा.

मग लावायचं काय? माझी पहिली पसंती खुरचाफा, म्हणजे आपला पांढरा किंवा गुलाबी देवचाफा. मुळं आटोपशीर, झाड चार-पाच मीटरच्या आसपास थांबतं, पान हातभर, फूल अख्खं पडतं आणि पाण्यावर तरंगताना बरंही दिसतं, थोडं खारं पाणीही सोसतो. तोटे आहेत, फांदी मोडली की चीक येतो आणि काहींच्या त्वचेला खाज सुटते, आणि पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी पावडर दिसली तर तो तांबेरा, मग पानं अवेळी गळतात. थंडीत तो पानं टाकून उघडा होतो. माझ्या मते ते चांगलंच आहे, थंडीत पाण्यावर ऊन हवंच असतं. पण आडोशासाठी एकटा चाफा पुरत नाही.

आडोशाला पाम बरे. पामची मुळं सुतळीसारखी, बुडापासून पुष्कळ निघतात पण झाडासारखी वर्षागणिक जाड होत जात नाहीत, त्यामुळे फरशी उचलायची भीती कमी. अरेका पाम झुडपासारखा दाट होतो, तीन-चार मीटर आरामात, आणि सावलीची जागा असेल तर रॅफिस. फॉक्सटेल पाम एकेकटा लावायला छान, वाळलेली झावळी आपोआप गळते. नारळ मात्र नको, नारळ डोक्यात पडायला पोहणारा माणूसच कशाला हवा, आरामखुर्चीत झोपलेला पुरतो. रॉयल पामची झावळी १०-१५ किलोची सहज असते, तीही वरून सुटते, म्हणून पूल आणि बसायच्या जागेपासून लांब.

आणि आडोशाला किती उंची लागते हे मोजल्याशिवाय झाड ठरवू नका. लोक घाबरून आठ मीटर वाढणारं झाड लावतात. पूलशेजारी जिथे बसणार तिथे खुर्ची टाकून बसा, दुसऱ्याला झाडाच्या जागी लांब काठी किंवा पाइप उभा धरायला सांगा, आणि त्या गच्चीचा कठडा कुठल्या उंचीला झाकला जातो ते बघा. बहुतेक वेळा तीन, फार तर चार मीटर निघतं. तेवढ्यासाठी अरेकाच पुरेसा आहे, झाड कशाला.

आता वारा. पूलजवळ उभं राहून वर्षातले बरेच दिवस वारा कुठून येतो ते बघा, आणि त्या बाजूला कमीत कमी झाडं लावा. वारा भिंतीकडून पूलकडे येत असेल तर भिंतीलगतचं प्रत्येक पान पाण्यात. उलटा असेल तर तोच वारा पाला भिंतीकडे नेऊन टाकतो, तुम्ही मोकळे. वाऱ्याच्या बाजूलाच आडोसा हवा असेल, जसं तुमच्याकडे असू शकतं, तर कमी गळणारी दाट झुडपं ठेवा, त्यांनी वारा अडतो, पाण्याचं बाष्पीभवनही कमी होतं. स्किमरचं तोंड वारा जिकडे जातो त्या बाजूला असेल तर कचरा आपोआप तिकडे जमतो, तुमचा पूल बांधलेला आहे म्हणून ते बदलता येणार नाही, पण नवीन बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

सावलीचंही असंच. सावली तुम्हाला हवीय, पाण्याला नकोय. दुपारी ऊन पश्चिमेकडून येतं, तर बसायच्या जागेच्या पश्चिमेला झाड, पूलच्या पश्चिमेला नाही. विषुववृत्ताच्या उत्तरेला राहणाऱ्यांना थंडीत सूर्य दक्षिणेकडून खालून जातो, म्हणून पूलच्या दक्षिणेला उंच सदाहरित झाड लावलं की पाणी बर्फ. सावलीचा एक फायदा आहे, ऊन क्लोरीन खातं, स्टॅबिलायझर नसेल तर कडक उन्हात तासाभरात निम्म्यावर येतो. पण त्याला उपाय तो स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड आहे, झाड नाही.

अंतराचा माझा हिशोब असा की नर्सरीतलं रोप बघायचं नाही, पूर्ण वाढलेलं झाड डोळ्यासमोर आणायचं. फांदी पाण्यावर यायला नको, म्हणजे पसाऱ्याच्या निम्मं अंतर अधिक एक-दीड मीटर, हे किमान. पाच मीटरपर्यंतच्या छोट्या झाडाला अडीच-तीन मीटर, मध्यमला पाच-सहा, आणि मोठ्या, तहानलेल्या झाडाला निदान त्याच्या उंचीएवढं. तुमच्या साडेतीन मीटरच्या पट्ट्यात म्हणजे मोठं झाड बसतच नाही. भिंतीपासून ८०-९० सेंटीमीटर सोडून अरेकाची रांग, पूलपासून ती अडीच मीटरच्या पुढे राहते, आणि चाफा पट्ट्याच्या टोकाला, पूलच्या कोपऱ्याच्या पलीकडे, बसायच्या जागेजवळ. भिंतीलाही पाया असतो, तिला चिकटून लावू नका.

खणायच्या आधी पाइप, लाइटची वायर, अर्थिंग कुठून गेलंय ते शोधा. ड्रॉइंग असेल तर उत्तम, बहुतेकांकडे नसतं, मग पंप रूमपासून स्किमर आणि रिटर्नच्या तोंडापर्यंत सरळ रेषा धरा आणि त्या पट्ट्यात कुदळ न मारता हाताने खणा. पूलच्या भोवतालचा एखाद मीटर म्हणजे बांधकामाच्या वेळी खणून परत भरलेला भाग, त्यात सिमेंटचे गोळे, टाइलचे तुकडे, काय वाट्टेल ते असतं. सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते आणि पानं पिवळी पडतात, लोक खत घालत बसतात. राडारोडा काढा, चांगली माती घाला.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद, पण खोल मात्र गोळ्याएवढाच. बुंधा जिथे मुळांकडे रुंद होतो तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, गाडायचा नाही. पिशवी पूर्ण काढा (मी पिशवीसकट लावलेली झाडं उकरून काढली आहेत), आणि आत गोल गोल फिरलेली मुळं दिसली तर ब्लेडने तीन-चार ठिकाणी उभी चिरा. वाफ्याची पातळी कोपिंगपेक्षा (पूलच्या काठाची वरची कड) पाच-सात सेंटीमीटर खाली आणि उतार पूलपासून लांब, नाहीतर जोराच्या पावसात माती आणि खत सगळं पाण्यात. ठिबकची नळी झाडाच्या पूलपासून लांबच्या बाजूला टाका, आठवड्यात कमी वेळा पण खोलवर पाणी द्या, मुळं ओलीच्या मागे तिकडे जातात. आच्छादनाला नारळाच्या काथ्याचे तुकडे नकोत, तरंगत पूलमध्ये येतात. जमिनीलगत पसरणारी झुडपं लावलेली बरी.

रूट बॅरिअर, म्हणजे मुळं अडवणारा जमिनीतला पडदा, घालायचं असेल तर एचडीपीई प्लास्टिकचा जाड पत्रा, एक मिलिमीटरच्या आसपास, ६० ते ९० सेंटीमीटर खोल, आणि वरची कड मातीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर, कारण मुळं वरून उडी मारून जातात. झाडाभोवती गोल नाही, त्याने झाडच अस्थिर होतं, पूल आणि डेकच्या कडेने सरळ रेषेत, दोन्ही टोकांना थोडं पुढे न्या. आणि हे काही कवच नाही, मुळं खालून वळसा घेऊन परत वर येऊ शकतात. योग्य झाडाला मदत म्हणून ठीक, फायकस लावायचं लायसन्स म्हणून नाही.

पाण्याचं थोडं. अंगावरून उडालेलं क्लोरीनचं पाणी झाडाला फारसं काही करत नाही. पण सॉल्ट सिस्टीमच्या (मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या) पूलमध्ये मिठाचं प्रमाण ३००० ते ४००० पीपीएम असतं, समुद्राच्या साधारण दहावा हिस्सा, आणि उडालेलं पाणी सुकलं तरी मीठ मातीत राहतं. पानाच्या कडा करपायला लागल्या तर हे कारण असतं, साध्या पाण्याने माती धुऊन काढावी लागते. फिल्टरचं बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतल्यावर निघणारं पाणी मात्र कुठल्याच झाडाच्या बुंध्यात सोडू नका, क्लोरीनच्या पूलचं असलं तरी.

मुलांच्या दृष्टीने अजून एक. पूलला कुंपण असेल तर त्याच्या बाहेर चढता येईल असं झाड, फांदी, मोठी कुंडी नको. ऑस्ट्रेलियात पूलच्या कुंपणाला किमान १.२ मीटर उंची आणि त्यालगत ९० सेंटीमीटरचा पट्टा चढता न येण्याजोगा लागतो, तो नियम कुठेही पाळण्यासारखा आहे. आणि आडोसा करताना घरातून पूल दिसणं बंद होणार नाही हे बघा. शेजाऱ्यापासून झाकायचंय, घरातल्यांपासून नाही.

ज्यांचं उलटं आहे, म्हणजे झाड आधीपासून आहे आणि पूल आता खणायचाय, त्यांनी ब्रिटिश स्टँडर्ड बीएस ५८३७ मधला हिशोब वापरावा. जमिनीपासून दीड मीटरवर खोडाचा व्यास मोजा, त्याच्या १२ पट त्रिज्येच्या आत खणू नका. ४० सेंटीमीटरचं खोड असेल तर ४.८ मीटर. त्याच्या आत खणलं तर पूल होतो, पण दोन-तीन वर्षांनी झाड वाळायला लागतं किंवा वादळात त्याच पूलमध्ये आडवं होतं.

राहिला तुम्ही आधीच आणून ठेवलेल्या चार फायकसचा प्रश्न. फेकू नका, मोठ्या कुंड्यांत ठेवा, पण कुंडी थेट फरशीवर टेकवू नका. खालच्या भोकातून मूळ निघून फरशीच्या सांध्यात कधी गेलं ते कळतही नाही, मी एक कुंडी हलवायला गेलो तर ती हलेचना, तीन वर्षांत खाली रोवली गेली होती. कुंडीखाली विटांचे तुकडे किंवा स्टँड ठेवा, हात जाईल एवढी फट, महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडी फिरवा, आणि दोन वर्षांनी एकदा बाहेर काढून मुळं छाटून परत भरा. उंच कुंडी वाऱ्याने पाण्याकडे कलंडेल अशी कडेला नको. बादलीची टेस्ट झाली की दोन्ही वेळचे आकडे मिलिमीटरमध्ये लिहून पाठवा, रिटर्न लाइन निघाली तर अरेका कुठून सुरू करायचा ते बदलावं लागेल.